एका गावात इतके मेजर

माझं नाव धोंडिराम आणि धंदा दगडावर अक्षरं कोरण्याचा. हे एका दमात सांगितलं की नवा माणूस हसतोच. पण नाव धंद्यावरून पडलेलं नाही बरं का! माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं धोंड्याचं नाव आईनं ठेवलं. घरात टाकी-हातोडा पिढीजात होता. आजोबा जाती घडवायचे, वडील पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचे. पुढं घरोघरी मिक्सर आले आणि ते काम बसलं. माझं अक्षर शाळेपासून वळणदार होतं. तेवढ्या भांडवलावर मी परंड्यात स्टँडच्या रस्त्याला शेड टाकलं आणि बाहेर पाटी लावली, की इथं दगडी पाट्या कोरून मिळतील. ती पाटी मात्र पत्र्यावर रंगवलेली होती. आजतागायत तीच आहे.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिही म्हणून सांगायला शाळेतले मास्तर आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मास्तर, मी आयुष्यात चार ओळींच्या वर कधी लिहिलेलं नाही. दगडावर तेवढीच जागा असते." ते म्हणाले, "मग चार ओळी लिही." आता बसलोय तर थोड्या जास्त होतील, सांभाळून घ्या.

आधी धंदा समजून घ्या, सोपा आहे. काळा ग्रॅनाइट पॉलिश होऊन येतो, त्यात तोंड दिसतं. त्यावर खडूचं पाणी फिरवायचं. ते वाळलं की पट्टीनं ओळी आखायच्या आणि पेन्सिलीनं अक्षरं काढायची. इथंवर सगळं पुसता येतं. मग छिन्नी धरायची. अक्षराची रेघ दोन्ही बाजूंनी तिरपी कापत आत न्यायची, म्हणजे त्यात भरलेला रंग टिकून राहतो. एकदा छिन्नी बसली की मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी पुसता येत नाही. म्हणून माझा एक नेम आहे. कोरण्याआधी गिऱ्हाइकाला दगडापुढं बसवायचं आणि मोठ्यानं वाचायला लावायचं. लोक कंटाळतात. "बरोबर हाय ओ, कोरा," म्हणतात. मी म्हणतो, वाचा. बापाचं नाव आहे, वाचायला काय जातंय तुमचं?

हल्ली कॉम्प्युटरवर अक्षरं काढून वाळूचा मारा करतात आणि तासाभरात पाटी हातात देतात. देऊ द्या. ती अक्षरं सगळी एकसारखी असतात. माझं एक 'ज्ञ' दुसऱ्या 'ज्ञ'सारखं कधी आलं नाही आणि मला त्याची लाज नाही. यात बढाई वाटली तर वाटू द्या.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. दोन सख्खे भाऊ होते. बोलचाल बंद, पण आईच्या नावानं देवळाला दरवाजा दोघांनी मिळून दिलेला. पाटीवर पहिलं नाव कुणाचं, यावर माझ्या शेडात कचाकचा भांडले. शेवटी मी दोन पाट्या केल्या, दरवाजाच्या दोन्ही अंगाला एकेक. म्हटलं, मिटलं. कसलं मिटतंय! उजवी बाजू कुणाची, यावर पुन्हा भांडण. एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी स्वतःची स्मृतिशिला जितेपणीच करून घेतली. म्हणाले, "माझी पोरं इंजिनिअर आहेत, ऱ्हस्व-दीर्घ चुकवतील." ते दर दसऱ्याला येतात, ओल्या फडक्यानं आपली पाटी पुसतात, 'स्मृती'तला 'ती' दीर्घ असल्याची खात्री करतात आणि म्हणतात, "राहू दे अजून तुझ्याकडंच."

त्या गुरुजींवर सगळे हसतात. मी पण हसायचो. पण मनात एक गोष्ट सलायची. इतकी वर्षं मी माणसांची नावं कोरली, आणि ज्यांची कोरली त्यांतल्या जवळजवळ कुणीच ती वाचली नाहीत. 'कै.' कोरून कोरून माझा हात इतका बसलाय, की डोळे मिटून कोरीन. चांगलं वाटत नाही हे सांगताना, पण खरं आहे.

म्हणून वैशालीताईंनी काम सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. वैशालीताई म्हणजे आमच्या शेजारच्या एका बाजारगावच्या सरपंच. कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या गाड्या त्या गावात थांबतात. नाव लिहीत नाही, कारण तिथले फौजी अजून खणखणीत आहेत आणि परंडा त्यांना लांब नाही. ताईंचे वडील, त्यांचे दादा, फौजेतून आलेले. ते वारले तेव्हा त्यांची पाटी मीच केली होती. ती न्यायला आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, दादांनी हे स्वतः वाचलं असतं तर केवढे खूश झाले असते हो!" त्याच विचारातून पुढं त्यांनी ठरवलं, की गावातल्या सगळ्या माजी सैनिकांच्या नावाचं स्मारक करायचं. हयात असलेल्यांचं आणि गेलेल्यांचं, एकाच दगडावर. गावाचं नशीब थोर, फौजेत गेलेला प्रत्येक जण परत आला होता. त्यामुळं हे शहिदांचं स्मारक नव्हतं. घरी परत आलेल्यांचं होतं.

गावात कुरकुर झालीच. जित्या माणसाचं नाव दगडावर घालणं म्हणजे अपशकुन, असं काही जण म्हणाले. ताईंनी भर सभेत विचारलं, "मग कोनशिलांवर पुढाऱ्यांची नावं असतात, ती काय मेल्यात का सगळी?" त्यावर सभा हसली आणि स्मारक मंजूर झालं.

आता बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून निवृत्त होवो, ड्रायव्हर म्हणून होवो, ट्रंक घेऊन एस्टीतून उतरला की तो मेजर. "काय मेजर, कधी आलात?" "मेजर, पानी पिऊन जावा." त्याच्या बायकोला मेजरीणबाई म्हणतात. यात कुणी खोटं बोलत नाही. आम्हांला तेवढा एकच हुद्दा ठाऊक, तोही आम्ही प्रेमानं देतो. तर ताईंनी गावाला विचारून नावं दिली आणि मी दगडावर पेन्सिलीनं उतरवली. मेजर अमुक, मेजर तमुक, मेजर ढमुक. वरपासून खालपर्यंत नुसते मेजर.

ते पाहायला पहिले आले इसूफ सुभेदार. गावातला सगळ्यांत ज्येष्ठ फौजी, पायदळातून सुभेदार होऊन आलेला, मिशा अजून पिळदार. त्यांनी दगड वाचला आणि काठी आपटली. "उस्ताद, ये क्या लिख्या तू? अरे, पुऱ्या पलटणीत बोटावर मोजन्याइतके मेजर रहते. आमच्या एका गावात इतके मेजर? मग लढलं कोण, म्या एकटा?"

"चाचा, सगळे मेजरच म्हणतात."

"म्हनू दे. मला बी म्हनतात. पन म्या सुभेदार हाय. शिपायापासनं एकेक पायरी चढून झालो. तू माझं सुभेदार पुसून मेजर लिहितो, ते मला बढती वाटत न्हाय. माझी कमाई घालवली तू!"

खरं होतं ते. ताईंनी शाळेत सगळ्या फौजींना बोलावलं, मलाही बोलावलं. ठरलं, की प्रत्येकानं आपला खरा हुद्दा सांगायचा आणि तोच कोरायचा. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं, मग मजा आली. एक जण म्हणाला नाईक, एक म्हणाला हवालदार. ज्यांना गाव सगळ्यांत मोठे मेजर समजत होतं, ते म्हणाले, "म्या शिपाई गेलो आन शिपाई आलो, लिहा!" आणि सगळे टाळ्या पिटून हसले. त्या हसण्यात एक जण मात्र सामील नव्हता. रंगनाथ मोरे, आम्ही त्यांना रंगनाथनाना म्हणतो. तोफखान्यातले मेजर म्हणून पंचक्रोशीत मान. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्यांच्या हस्ते. त्यांची पाळी येण्याआधी ते उठले, म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते माझ्या शेडात आले. धोतर, पांढरी टोपी, छाती अजून ताठ. दगडापुढच्या स्टुलावर बसले.

"धोंडिराम, माझं नाव गाळ."

"का हो नाना?"

"गाळ म्हनलं न्हवं? नाव माझं हाय."

मी हातोडा खाली ठेवला. म्हटलं, कारण सांगितल्याशिवाय मी 'कै.'सुद्धा गाळत नाही. तेव्हा त्यांनी रस्त्याकडं एकदा पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्या लांगरी व्हतो."

"म्हणजे?"

"सैपाकी रं. फौजेत लांगरी म्हनत्यात. भात, डाळ, पुरी, भाजी. भरती झालो तवापासनं ते घरी येस्तोवर, दुसरं काय न्हाय."

मला हसू आलं नाही, खरंच सांगतो. पण यात एवढं लपवायचं काय, हेही कळलं नाही. तसं बोललो, तर ते उसळले.

"तुला काय कळतंय? पयल्या रजेला आलो, तर गावानं खांद्यावर घेतलं. मेजर आला, मेजर आला! पोरं म्हनली, तोफ उडवली का? म्या म्हनलं, लई आवाज येतो तिचा. आवाज ऐकलाच व्हता की! सासऱ्यानं इचारलं, कुठं असता? म्हनलं, तोफखान्यात. ते बी खरंच. तोफखान्यातच व्हतो, तोफंच्या मागं, चुलीम्होरं. एक शबूद खोटा बोललो न्हाय बघ. फकस्त पुढचं सांगितलं न्हाय. आन एकदा न्हाय सांगितलं की मंग सांगाया जमतच न्हाय."

"काकूंना पण ठाऊक नाही?"

"तिलाच तर न्हाय! म्या घरात चुलीकडं फिरकत न्हाय धोंडिराम. हात बोलत्यात. ती कांदा चिराया बसली की माझं हात शिवशिवत्यात, म्या उठून बाहीर जातो. तिची भाजी करपली तर गप खातो." मग थांबून म्हणाले, "सगळ्या भावकीत ती मान वर करून हिंडती. मेजरीनबाई म्हनत्यात तिला. आता ह्या वयात तिला आचाऱ्याची बायकू म्हनवून घ्याया लावू व्हय?"

मी त्यांच्यापुढं चहा ठेवला. तो पिता पिता ते आपणहून बोलू लागले. लढाई सुरू असताना तोफा दिवसभर धडधडायच्या आणि तोफेवरची माणसं जागची हलायची नाहीत. मग नाना पुऱ्या-भाजीचे डबे खांद्यावर घेऊन त्यांच्यापर्यंत जायचे. वरून गोळे पडत असायचे. "मला मरायचं भ्या न्हवतं असं न्हाय. व्हतं. पन त्याच्यापरीस डबा सांडंल ह्याचं जास्त व्हतं. पोरं सकाळधरनं उपाशी असायची रं. एकदा गोळा जवळ फुटला, म्या डब्यावर पालथा पडलो. तोफंवरला एक सरदारजी वराडला, 'जिंदा है?' म्या म्हनलं, 'पुरी जिंदा है साब.'" एवढं सांगून ते पहिल्यांदा हसले.

"नाना," मी म्हणालो, "हे सांगायचं सोडून तुम्ही गावाला तोफेचे आवाज सांगत बसलात होय?"

तर चहाचा कप ठेवून म्हणाले, "कुनाला सांगणार न्हाईस, शब्द दे." आता वडीलधाऱ्या माणसानं हात पुढं केल्यावर काय करणार? दिला.

मी बाकीची नावं कोरायला घेतली. भांडण नको म्हणून ताईंनी नावं बाराखडीच्या क्रमानं लावली होती, त्यामुळं नानांची ओळ आली बरोबर मध्यावर. ती मी कोरी ठेवली. मनात आलं, म्हातारा चार दिवसांत वळणावर येईल. ताईंना सांगितलं, नाना विचार करून कळवणार आहेत. पण माझा तो वाचून घ्यायचा नेम होता ना! एकेक फौजी यायचा, आपलं नाव मोठ्यानं वाचायचा, छाती फुगवायचा. मग त्याचं लक्ष मधल्या कोऱ्या ओळीकडं जायचं. आणि घरी जाऊन तो हेच सांगायचा. म्हाताऱ्या पुरुषांच्या पोटात काही राहत नाही. बायकांचं उगाच नाव आहे.

परंड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी कलावतीकाकू माझ्या शेडात आल्या. नानांच्या पत्नी. ठसठशीत कुंकू, हातात रिकामी पिशवी, बाजारात गेल्याच नव्हत्या.

"धोंडिराम, खरं सांग. ह्यांनी काय केलं?"

"काय केलं म्हणजे काकू?"

"समद्यांची नावं हायत, ह्यांचंच न्हाय. नळावर बाया कुजबुजत्यात. मला बघितलं की गप व्हत्यात. काल एकीनं तोंडावर इचारलं, मेजर लढाईतनं पळून आलं व्हतं का म्हून."

आचारी असल्याची लाज वाटली म्हणून गप्प बसलेल्या माणसाला गावानं पळपुटा करून टाकलं होतं.

"त्यांना विचारलंत का?"

"इचारलं. बोलत न्हायत. भितीकडं तोंड करून निजत्यात. जेवत बी न्हायत धड." रडू त्यांनी आवरून धरलं. "पळून आलं असतील तर तसं सांग. ह्या वयात म्या काय त्यांना टाकून जानार न्हाय. मानूस हाय, भ्यालं असंल. पर मला ठावं पायजे. बाया बोलत्यात तवा म्या काय बोलू?"

जिभेच्या टोकावर आलं होतं हो. दातांनी जीभ धरली. म्हटलं, "काकू, माझ्या टाकीची शपथ घेऊन सांगतो, नाना पळून आलेले नाहीत. त्यांना एवढंच सांगा, धोंडिरामनं बोलावलंय. आणि येताना तुम्ही बरोबर या."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकू पुढं आणि नाना चार पावलं मागं. नानांची छाती आज ताठ नव्हती. मी काकूंना स्टूल दिलं आणि नानांना म्हणालो, "नाना, तुमचा शब्द मी पाळला. पण गाव तुम्हांला पळपुटा म्हणतंय आणि काकूंना ते ऐकून घ्यावं लागतंय. आता तुमचं तुम्ही बघा." माझा आवाज चढला होता. मोठ्या माणसापुढं चढू नये, पण चढला.

नानांनी एकदा काकूंकडं पाहिलं. मग दगडापुढं जाऊन उभे राहिले. कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं.

"कोर."

"काय कोरू? मोठ्यानं सांगा."

"लांगरी," ते म्हणाले. घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, "लांगरी रंगनाथ भानुदास मोरे."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "लांगरी म्हंजी? मेजरच्या वरचा का खालचा?"

"खालचा," नाना म्हणाले. "लई खालचा. सैपाक करायचो म्या. हितकी वर्सं तुला सांगितलं न्हाय. सैपाकी व्हतो."

रस्त्यावरून एस्टी गेली, तिची धूळ आत आली. काकूंनी हळूच विचारलं, "पळून न्हाय आला?"

"न्हाय."

"कुनाला मारलं?"

"न्हाय. जेवू घातलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या. आदल्या दिवशी आवरलेलं सगळं बाहेर आलं. नाना कावरेबावरे. "अगं, गप. लोक बघत्यात. तुझी मान खाली गेली, ठावं हाय मला…"

त्यावर काकू ज्या उसळल्या! "मान? कशाची मान? जेवू घालन्याची लाज असती तर म्या पयलीच मेले असते की लाजंनं! जलमभर दुसरं काय केलंय म्या?"

इतकी साधी गोष्ट, आम्हां दोघा बाप्यांच्या डोक्यात आली नव्हती.

पण काकूंचं संपलं नव्हतं. डोळे पुसता पुसता त्यांना दुसरंच सुचलं आणि राग नव्यानं पेटला. "आन मंग म्या तापात फणफणून भाकरी थापत व्हते, तवा तुमी काय करत व्हता? बाळंतीन असताना चुलीम्होरं बसले, तवा काय करत व्हता? पलंगावर बसून 'मीठ कमी हाय' म्हनायचं! मीठ बरं कळायचं!"

"सैपाकीच व्हतो, कळनारच की," नाना पुटपुटले.

मला हसू आवरेना, तोंड फिरवलं. काकूंनी मात्र वकिलासारखी उलटतपासणी घेतली. "चपाती येती?" येती. "गोल?" गोल. "पुरनाची पोळी?" ती न्हाय येत, पंजाबी मेस व्हती. "निदान च्या तरी?" यावर नानांनी खाली बघत होकाराची मान हलवली. काकू माझ्याकडं वळल्या. "कोर रं धोंडिराम. ठळक कोर. लांबनं दिसलं पायजे."

मी त्याच दुपारी ती ओळ कोरली. दोघं शेवटपर्यंत बसून होते. 'लां'वरचा अनुस्वार टिपायची वेळ आली तेव्हा नाना म्हणाले, "जरा दमानं हां." आयुष्यात पहिल्यांदा मला गिऱ्हाइकानं घाई केली नाही.

दगड बसवला ग्रामपंचायतीसमोरच्या चौथऱ्यावर. उद्घाटनाला पोरांनी तेरखेड्याहून फटाक्यांची माळ आणली होती, ती इतकी लांब की तिचा आवाज संपेपर्यंत भाषणं थांबवावी लागली. बरंच झालं. इसूफ सुभेदारांनी एकेक नाव पुकारलं आणि एकेक फौजी पुढं येऊन दगडाला हात लावून गेला. जे हयात नव्हते त्यांच्या घरचं कुणीतरी आलं. ताईंनी वडिलांच्या नावावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग सुभेदारांनी पुकारलं, "लांगरी रंगनाथ भानुदास मोरे." मागच्या बाजूला तरुण पोरांत खसखस पिकली. सुभेदार थांबले. चष्मा काढला.

"हसताय? फौजेत तोफ बिघडली तर दुसरी मिळती. लांगरी रुसला तर कर्नलबी थाळी घेऊन खडा रहता. हमारे लांगरी से कोई पंगा नहीं लेता था." मग नानांकडं वळून अगदी घरगुती आवाजात म्हणाले, "मोरे, वर बर्फात डाळ शिजायची न्हाय, तुमी काय करायचात हो?"

"आदल्या दिशी भिजत घालायची, सुभेदारसाब," नाना म्हणाले. "आन कुकरवर दगूड ठिवायचा." गाव खो खो हसलं, आणि यावेळच्या हसण्यात नानाही होते. कुणीतरी ओरडलं, "मेजर, आज जेवान तुमच्या हातचं!"

तशी व्यवस्था काकूंनी आधीच करून ठेवली होती. बाहेरून ठरवलेल्या आचाऱ्याला त्यांनी परस्पर नको म्हणून कळवलं होतं आणि शाळेमागं चुलवण खणून घेतलं होतं. पहाटेपासून नाना तिथं होते. धोतर वर खोचलेलं, खांद्यावर टॉवेल. तरण्या पोरांना असे हुकूम सोडत होते, की पंधरा ऑगस्टला शाळेत बोलणारा आवाज तो हा नव्हेच. पुऱ्या, बटाट्याची रस्सा भाजी, डाळ आणि शेवयांची खीर. मी कढईजवळ उभा राहून पाहिलं. त्यांचा हात पीठ मळताना, पुरी सोडताना जसा चालत होता, तसा माझा छिन्नीवर चालतो असं मला वाटायचं. आता तसं म्हणायला मी जरा कचरतो.

ताईंनी जाहीर केलं, की पहिली पंगत बायकांची. म्हाताऱ्या बाप्यांनी तोंडं वाकडी केली, पण सरपंचापुढं कोण बोलणार? शाळेच्या पटांगणात बायका ओळीनं बसल्या. काकू मधोमध, नवं लुगडं नेसून, पाठ भिंतीला टेकवून. डाव्या-उजव्या हाताला नळावरच्या त्याच बायका होत्या. नाना स्वतः भाजीची बादली घेऊन वाढायला निघाले. काकूंच्या पानावर वाढताना त्यांचा हात जड झाला आणि भाजी जास्त पडली. काकूंनी पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला.

आसपासच्या सगळ्या बाया घास हातात धरून त्यांच्याकडं बघत होत्या. नाना बादली घेऊन पुढं सरकेनात. काकू मान खाली घालून जेवत राहिल्या. एक पुरी संपली, दुसरी संपली. चांगलं झालंय म्हणाल्या नाहीत, मीठ कमी आहे असंही म्हणाल्या नाहीत. आमच्याकडं त्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. "आवो", "ऐकलं का", नाहीतर नुसतं खाकरणं. काकूंनी पान निपटून पुसलं, मान वर केली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"लांगरी, हिकडं वाढा."

नानांनी वाढलं, आणि पुढच्या पानाकडं जायचं विसरून तिथंच उभे राहिले.